वरून काढलेलं तेल

गाडीच्या इंजिनातलं तेल बदलायचं तर माणूस गाडीखाली झोपतो, खालचा बोल्ट काढतो आणि घमेलं लावून वाट बघत बसतो. आमच्याकडे हे जमण्यासारखं नव्हतं. एक तर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर. गिरणीत शिडीवरून पडल्यापासून ती त्यांना वाकू द्यायची, पण परत उठू द्यायची नाही. त्यात आमची गाडी चौथ्या की पाचव्या हाताची, आणि आधीच्या कुठल्यातरी गाढवानं त्या बोल्टचे आटे पार खाऊन टाकले होते. एकदा काढला तर परत बसेल याची खात्री नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सहस्रबुद्धे काका. कंपाउंडमध्ये नुकताच नवा कोबा घातला होता आणि काका त्यावर पोटच्या पोरासारखं लक्ष ठेवून असायचे. 'तेलाचा एक डाग दिसला की गाडी बाहेर रस्त्यावर,' हे त्यांनी मला, आप्पांना आणि आईला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.

म्हणून आप्पांनी तेल वरून काढायचं ठरवलं. इंजिनात तेल किती आहे ते बघायला एक लांब पट्टी असते, ती उपसून, पुसून, परत घालून बघतात. ती पट्टी जिथून आत जाते त्याच भोकातून बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि तेल ओढून घ्यायचं. ओढायचं कशानं, तर त्याचं उत्तर आप्पांनी एका दुपारी गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. संप झाल्यावर गिरणी काही आप्पांच्यासाठी परत उघडली नाही, तेव्हा मुलुंडात पडेल ती दुरुस्तीची कामं ते करायचे. गव्हाणपाड्याच्या बाजूला एका नर्सिंग होममध्ये पेशंटच्या घशातला कफ ओढायचं पायानं चालवायचं जुनं सक्शन मशीन होतं. विजेवरचं नवीन आल्यावर ते अडगळीत गेलं, आणि डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. खाली लोखंडी पायटा, त्याला भाता, वर जाड काचेची बाटली आणि बाटलीच्या बुचातून निघालेल्या दोन नळ्या. पायटा दाबला की 'फस्' आणि सोडला की 'खट'. आईनं ते बघितलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "कोणाच्या घशातला काय काय ओढलेला ता माझ्या घरात नाको हां! आधी भायर काढा!" आप्पांनी ते बाहेर नेऊन तीन वेळा उकळत्या पाण्यानं धुतलं. आईनं चौथ्यांदा धुवायला लावलं. तरी पुढं कित्येक दिवस ती त्याच्या बाजूनं जाताना पदर नाकाला लावायची.

आप्पा गिरणीत आधी तेलवाले होते, मग फिटर झाले. तेलवाला म्हणजे हातात लांब चोचीचं तेलपात्र घेऊन दिवसभर साच्यांमधून, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांमधून, फिरणारा माणूस. कोणाला वाटेल, यात काय मोठं? पण एका रांगेत शेकडो चात्या, एक सुकी राहिली तर ती तापते, सूत तुटतं, आणि आवाज कानाला आधी कळतो. आप्पांना तो आवाज झोपेतसुद्धा कळायचा. शेजारच्या घरातला पंखा कुरकुरला तरी उठून जायचे, "वहिनी, दोन थेंब घालतो," म्हणून. सव्वीस वर्षांत आपल्या हाताखालची एक चाती सुकी चालली नाही, हे वाक्य त्यांनी आम्हाला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. गिरणी गेली, पगार गेला, पण हे वाक्य त्यांच्याकडे राहिलं. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. खरं सांगते, आप्पांनी 'सव्वीस' म्हटलं की मी उठून पाणी प्यायला जायचे.

मला तेव्हा सगळ्याचाच कंटाळा यायचा. एकविसावं वर्ष. बी.ए. होऊन घरी बसलेली. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात चार माणसं, आणि माझा पाय सारखा हलत असायचा. जेवताना हलायचा, पेपर वाचताना हलायचा. आई चापट मारायची. मला काय हवं होतं ते मला नीट सांगता यायचं नाही, पण घरात बसून वाट बघणं नको होतं एवढं नक्की. माझा मोठा भाऊ दादा वांद्र्याला एका ऑफिसात कारकून होता, आणि त्याच्या ओळखीत नाहूरचं एक स्थळ होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली. इतकं सगळं चांगलं ऐकूनच मला गुदमरायला व्हायचं. आप्पांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. त्यांनी ही जुनी गाडी घेतली, डाव्या बाजूला दुसरा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, आरटीओचे कागद केले आणि 'सातेरी मोटर ट्रेनिंग स्कूल' अशी पाटी रंगवून आणली. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका'. ती पाटी बघूनच मला कळलं की शिक्षिका म्हणजे मी. गाडी मी आप्पांकडून वर्षभर आधीच शिकले होते, लायसन होतं. मी त्या पाटीसमोर उभी राहिले आणि, काय सांगू, माझा पाय पहिल्यांदा हलायचा थांबला.

दादा भडकला. तसा तो वाईट नाही, आजही नाही. पण तेव्हा त्याला लोकांची फार पडलेली. "मुलुंडभर बोंब होईल. लग्नाची मुलगी दिवसभर रस्त्यावर कोणाकोणाला घेऊन फिरणार? आणि कुठं धडकली म्हणजे?" आई दोन्हीकडून बोलायला लागली, आणि मी ताट सरकवून उठले. शेवटी दादानंच तोड काढली. म्हणाला, "हे बघ शोभे, दसऱ्याला गाडीची पूजा आहे ना? लिंबांवरून गाडी तू काढ. गेटबाहेर जाऊन एक फेरी मारून ये, सगळ्या बिल्डिंगसमोर. नीट आलीस तर मी परत तोंड उघडणार नाही. काय घोळ झाला, तर नाहूरची माणसं येतील आणि तू गप चहा घेऊन बाहेर यायचं. कबूल?" मी म्हटलं, "कबूल." आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या शाळेत शिकवायच्या, चाळिशीच्या होत्या, आणि नवऱ्याला न विचारता आमच्याकडे नाव घालणारी ती पहिली आणि तोवरची एकुलती एक बाई. त्या म्हणाल्या, "दसऱ्याला मी तुझ्या बाजूला बसते. बघू दे सगळ्यांना!"

दसऱ्याआधीचे आठ दिवस आम्ही दोघं, आप्पा आणि मी, त्या सक्शन मशीनशी झटत होतो. पहिल्यांदा दवाखान्याचीच लाल रबरी नळी आत सोडली. पायटा मारून मारून माझी पोटरी भरून आली, बाटलीत काही येईना. आप्पांनी नळी हातात धरून बघितली तर ती ओढीनं चपटी होऊन चिकटून बसली होती. मग कुठून तरी ताठ प्लॅस्टिकची, पेन्सिलपेक्षा बारीक नळी आणली. ती पट्टीच्या बाजूला धरून तळापर्यंत किती जायला हवी तिथं सुतळी बांधली. थंड तेल घट्ट असतं, ते येईना. म्हणून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद करून थोडं निवू द्यायचं, असं ठरलं. बाटली गरम तेलानं तडकू नये म्हणून तिला फडकं गुंडाळलं. आणि मग एका संध्याकाळी नुसतं बघायला म्हणून मी पायटा मारला. फस्, खट, फस्, खट, आणि त्या नळीतून काळं तेल सरसर वर चढताना दिसलं. "येतंय! आप्पा, येतंय!" मी नाचलेच. आप्पांनी लगेच नळी वर काढली. "आज नाय. आता कळला ना येता ता? बास. दसऱ्याक काढूचा." कोब्यावर एक थेंब नव्हता. सहस्रबुद्धे काका वरून गॅलरीतून बघत होते, त्यांनासुद्धा 'झकास' म्हणावं लागलं.

दसऱ्यालाच का, तर गिरणीत आप्पांच्या खात्यातली पद्धत. पूजेच्या दिवशी साचे पुसायचे, जुनं तेल सगळं काढायचं, मग हार घालून आरती, आणि आरतीनंतर खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसानं नवं तेल घालायचं. पूजा घेताना मशीन उपाशी पाहिजे, असं ते म्हणायचे. आपण पूजेला बसताना उपाशी असतो तसं. दुसऱ्या गिरण्यांत असं करत होते की नाही मला ठाऊक नाही. पण आप्पांनी ठरवलं की गाडीचंही तसंच होणार: सकाळी तेल काढायचं, मग पूजा, मग नवं तेल, मग लिंबं. नव्या तेलाचा बंद डबा आईनं आधीच आत देवापुढं ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं. डब्याच्या बाजूला घरातली सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पक्कड, पेचकस, हातोडा, आईची विळीसुद्धा. सगळ्यांवर झेंडूची एकेक पाकळी.

सकाळी आठच्या सुमाराला मी आणि आप्पा खाली होतो. दादा दाढी करत होता, आई काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला वाटण वाटत होती, आणि खिडकीतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास थेट कंपाउंडमध्ये येत होता. मी एकटीनं पायटा मारला. एरवी उगाच हलणाऱ्या त्या पायाला शेवटी काहीतरी काम मिळालं होतं. बाटली तीन वेळा भरली, तीन वेळा आप्पांनी ती रॉकेलच्या डब्यात ओतली. ते जुनं तेल सेंट्रिंगवाला स्लॅबच्या फळ्यांना लावायला घेऊन जायचा. शेवटी नळीतून नुसते बुडबुडे यायला लागले. आप्पांनी पट्टी परत जागेवर बसवली, बॉनेट बंद केलं, वरून फडकं मारलं. गाडी लख्ख दिसत होती. खाली घमेलं नाही, डाग नाही, काढलेला बोल्ट नाही. ही गाडी रिकामी आहे असं सांगणारी एकही खूण तिच्यावर नव्हती, आणि ते आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊकही नव्हतं. आप्पांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडं. मी तेल घालून सांगेपर्यंत कोणाक देऊ नको. दादाक पण नाय." मी किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. "बरं." इतकं साधं बोलणं झालं.

दहा वाजेपर्यंत निम्मी बिल्डिंग खाली जमली. हार, नारळ, चारही चाकांपुढं लिंबं. कुलकर्णी मॅडम जरीची साडी नेसून आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी डाव्या बाजूच्या सीटवर बसूनच घेतलं. आरती झाली. आरती संपली तसे आप्पा तेलाचा डबा आणायला आत गेले. आणि आत जे झालं ते मला नंतर आईनं सांगितलं. डबा सीलबंद, त्याला भोक पाडायला हवं. आप्पांनी देवापुढचा हातोडा आणि पेचकस उचलायला हात घातला तर आई आडवी आली. "पूजेतलो हातोडो सांज होईसर उचलूचो नाय! वर्षभराची हत्यारां उष्टी करतास?" आप्पा म्हणाले, तेल घालायचं आहे. आई म्हणाली, दगडानं फोडा. मग आप्पा मोरीतला खिळा शोधतायत, वरवंट्यानं ठोकतायत, आई 'वरवंटो फुटात!' म्हणून ओरडतेय, अशी आत दहा मिनिटं झोंबाझोंबी चालली होती. 

बाहेर लोक खोळंबले. सहस्रबुद्धे काकांनी घड्याळ बघितलं. "अहो, किती वेळ? काढा की गाडी! मुहूर्त टळतोय." मुलं लिंबांकडं बघत उड्या मारत होती. कोणीतरी म्हणालं, "शोभा घाबरली वाटतं." हसले सगळे. मी म्हटलं, "आप्पा येऊ देत." तेवढ्यात दादा पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला. "दे किल्ली. मी काढतो. जमत नसेल तर तसं सांग ना, त्यात काय?" वाईट बोलला नाही तो. आवाज चढवला नाही. पण तो पुढं आलेला हात बघितला आणि माझ्या डोक्यात सणक गेली. नाहूर, चहाचा ट्रे, वर्षभर घरात हलवलेला पाय, सगळं एकदम त्या हातावर येऊन बसलं. मी किल्ली काढली, दार उघडलं, बसले आणि इंजिन चालू केलं. त्या क्षणी मला तेलाची आठवण नव्हती. आईशप्पथ नव्हती. सकाळी दोन तास पाय मोडेपर्यंत ज्या पोरीनं तेल उपसलं, ती पोर ते विसरली होती.

आठवण मग आली. किल्ली फिरवली की समोर एक लाल दिवा लागतो. तेलाचा. इंजिन सुरू झालं की तो विझतो. मी वाट बघितली, तो विझला नाही. तसाच लाल. आणि मला कळलं. अगदी लख्ख कळलं, की आत तेल नाही, आणि मी आत्ता किल्ली उलटी फिरवली पाहिजे. लिंबं अजून चाकांपुढंच होती. पण मी गाडी बंद केली असती तर मला काय सांगावं लागलं असतं? की मी विसरले. दादा तिथंच उभा होता. घोळ झाला असता, माझा, सगळ्यांसमोर. मी क्लच सोडला. चारही लिंबं फटाफट फुटली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम 'शाब्बास!' ओरडल्या. म्हटलं, गेटपर्यंत जाऊ आणि थांबू. गेटपाशी दादा चालत बरोबर आला होता, तो हसला, हात हलवला. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊ, तिथं कोणी बघत नाही. कोपऱ्यावर मॅडम म्हणाल्या, "मागच्या रस्त्यानं पूर्ण फेरी मार ना गं!" आणि मी वळवली. मी वळवली, कारण वळवताना गाडी इतकी सुंदर चालत होती. दिवा लाल होता आणि मी समोर रस्त्याकडं बघत होते.

मागच्या रस्त्याला लागताच आतून ठक् ठक् सुरू झालं. आधी हळू, मग कोणीतरी आत अडकलंय आणि दार ठोकतंय असं. जळका वास आला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला. मग एक करकरीत आवाज, एक हिसका, आणि गाडी जागच्या जागी उभी. मी किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. इंजिन जाम झालं होतं. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. "काय झालं गं?" मॅडम विचारत होत्या. 

आप्पांनी घरातून आवाज ऐकला होता. त्यांना कळायला काय वेळ लागणार? ते कोपऱ्यावरून धावत येताना दिसले. त्या कमरेनं धावत, हातात भोक पाडलेला तेलाचा डबा, त्यातलं नवं पिवळंधमक तेल त्यांच्या पांढऱ्या शर्टावरून आणि पायजम्यावरून ओघळतंय, आणि मागं अख्खी बिल्डिंग. दादा सगळ्यात पुढं. आप्पा खिडकीपाशी आले, त्यांनी आधी गाडीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तोंड उघडलं. मी सांगणारच होते, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्याआधीच आप्पांनी डबा खाली ठेवला, कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "च्यायला! तेल माझ्याकडून राहिलं. मीच विसरलो रे!"

 मग सहस्रबुद्धे काका म्हणाले, "आप्पा, तुम्ही? अहो, गिरणीतले तेलवाले ना तुम्ही?" आणि हसायला लागले. मग सगळेच हसले. दादा एवढा चिडला की लाल झाला. "आप्पा, काय हे! सांगायचं तरी! एवढी गाडी..." मग तो माझ्याकडं वळला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नीट काढलीस. मी बघितलं. तुझा काही दोष नाही." शब्द पाळणारा माणूस. नाहूरच्या लोकांना त्यानं त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं. त्याच्या त्या हातानं मला इतकं बरं वाटलं की मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं, बिचारी घाबरली.

इंजिन उतरवून खोलायला दिवाळी उजाडली. कोब्यावर जुने पेपर अंथरून आम्ही दोघं बसायचो. बेअरिंगं चाटून गेली होती, क्रँकवर चरे पडले होते. आप्पांच्या गिरणीतल्या एका दोस्ताच्या लेथवर तो घासून आणला. पंधरा दिवस आप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलले. तो पाना दे, हे पूस, धर इथं. मग एका दुपारी, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "दिवो कधी दिसलो तुका?" मी म्हटलं, "कुठला?" त्यांनी एक बेअरिंग उचलून हातात घेतलं.  मी म्हटलं, "चालू केल्यावर." "लिंबांच्या आधी का मागसून?" खोटं बोलायची तयारी होती माझी, पण त्यांच्या हातात ते चाटलेलं बेअरिंग होतं. "आधी," मी म्हटलं.

आप्पा कधी आमच्यावर ओरडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी हातातलं फडकं कोब्यावर आपटलं. "विसरलंस ता मी समजान. माणूस विसारता. पण दिवो बघून गेलंस? दादावर राग होतो तर त्येका दोन थापडी मारूच्यो होत्यो! इंजिनान तुझा काय खाल्ल्यान?"  मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते." उठलेसुद्धा. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "गप बस. सांगलंस तर एक बायमाणूस तुझ्या बाजूक बसूची नाय. जल्मात नाय. माझा काय, माझी गिरण गेली." मग त्यांनी फडकं उचललं, झटकलं आणि मला दिलं. "पूस."

गाडी परत चालू झाली. कुलकर्णी मॅडम शिकल्या, त्यांनी आपल्या शाळेतल्या दोघी आणल्या, त्या दोघींनी आणखी. तीस वर्षं मी मुलुंड, भांडुप, नाहूरच्या बायकांना गाडी शिकवली. नाहूरलासुद्धा, हो. पहिल्या दिवशी मी त्यांना काहीही शिकवायच्या आधी तो लाल दिवा दाखवायचे, आणि माझा आवाज इतका कडक व्हायचा की काही जणी घाबरायच्या.

आप्पांना बिल्डिंगमध्ये नाव पडलं, 'बिनतेलाचे आप्पा'. आधी सहस्रबुद्धे काका म्हणायचे, मग मुलं, मग नव्यानं राहायला आलेले लोक, ज्यांना का ते ठाऊकही नव्हतं. गिरणीतले जुने दोस्त दसऱ्याला सोनं द्यायला यायचे, ते तर दारातूनच ओरडायचे, "काय रे, तेल घातलंस का?" आणि आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. सव्वीस वर्षांचं ते वाक्य त्यांनी त्या दसऱ्यानंतर एकदाही उच्चारलं नाही. उच्चारणार कोणत्या तोंडानं? मी तिथंच असायचे, बऱ्याचदा त्याच खोलीत, चहाचे कप भरत. आप्पा गेले त्या दिवशी स्मशानातसुद्धा कोणीतरी तो किस्सा काढला, प्रेमानंच, आणि दादा डोळे पुसत पुसत हसला, आणि मी तेव्हाही गप्प राहिले.

दादा आता पंचाहत्तरीला आला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा हे त्याला त्याच्या सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवावं. दादा, आप्पा विसरले नव्हते. दिवा मला दिसला होता.